पुढच्या डावाचे अनुमान



संगणकावर खेळल्या जाणाऱ्या एका खेळाचा पुढचा भाग कसा असेल, हा या व्याख्यानाचा विषय आहे. व्याख्यानपीठावरून बोलावयास हा विषय काहींना हलका वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या खेळाविषयी येथे बोलावयाचे आहे, तो तीन दशकांहून अधिक काळ जगभरच्या लोकांना मानवी इतिहासाचे एक चित्र दाखवीत आला आहे. त्या चित्रात भारतही आहे. ते चित्र पुढच्या वेळी कसे रंगविले जाईल याविषयी खेळणारांमध्ये जो तर्क-वितर्क चालू आहे, त्याच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न आहे : एखादा समाज हजारो वर्षे टिकला असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय टिकलेले असते ?

१

खेळाचे नाव 'सिव्हिलायझेशन'. अमेरिकेतील सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी तो रचला आणि मायक्रोप्रोज या संस्थेने १९९१ साली प्रसिद्ध केला. मायक्रोप्रोज ही मायर आणि बिल स्टीली यांनी १९८२ साली मेरिलँड राज्यात स्थापन केलेली संस्था होय. पुढे १९९६ साली मायर, जेफ ब्रिग्ज आणि ब्रायन रेनॉल्ड्स यांनी तीमधून बाहेर पडून 'फिरॅक्सिस' ही स्वतःची संस्था काढली. २००१ साली आलेल्या तिसऱ्या भागापासून या मालिकेतील प्रत्येक मुख्य भाग फिरॅक्सिसने तयार केला आहे.

हा डावपेचांचा खेळ आहे. त्यात चपळाईला किंवा नेमबाजीला स्थान नाही. बुद्धिबळाप्रमाणे खेळणारे पाळीपाळीने चाल करतात आणि एक चाल करावयास कितीही वेळ घेतला तरी चालतो. डाव सुरू होतो तो इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास. खेळणाराच्या हाती वसाहत करू निघालेली एक टोळी असते आणि नकाशाचा बहुतेक भाग अंधारात असतो. तो पहिले नगर वसवितो, शेते पिकवितो, चाक, लेखन, गणित अशा विद्या एकेक करून संपादितो, शेजाऱ्यांशी तह करतो किंवा लढतो. सगळे सुरळीत झाले तर काही तासांनी, अथवा काही रात्रींनी, त्याच्या प्रजेचे यान दूरच्या ताऱ्याकडे झेपावते. या साऱ्या काळात खेळणारा एका राष्ट्राचा अदृश्य सूत्रधार असतो.

बुद्धिबळाशी असलेले साम्य मात्र येथे संपते. बुद्धिबळाचा 'पुढचा भाग' कधी निघत नाही. त्याचे नियम बदलले नाहीत असे नव्हे. चतुरंगातील मंत्री तिरकस एकच घर चालत असे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात त्याच सोंगटीला आजच्या वजिराचे सामर्थ्य मिळाले. पण हा बदल कोणा एका संस्थेने ठरवून जाहीर केला नव्हता. खेळणारांनी तो स्वीकारला म्हणून तो रूढ झाला, आणि भारतात देशी नियमांचे बुद्धिबळ विसाव्या शतकापर्यंत खेळले जात होते. संगणकावरील खेळाची गोष्ट वेगळी आहे. त्याचे नियम आज्ञावलीत बांधलेले असतात, आज्ञावलीला मालक असतो, आणि नियम केव्हा व कसे बदलावयाचे हे तो मालक ठरवितो. काही हौशी खेळाडू आज्ञावलीत आपल्यापुरते फेरफार करून घेतात हे खरे. पण पुढचा भाग काढण्याचा अधिकार एकाच ठिकाणी असतो. बाकीच्यांच्या हाती अनुमान तेवढे उरते.

२

अनुमान हा शब्द भारतीय परंपरेत सैलपणे वापरला जात नाही. न्यायशास्त्राने त्याला ज्ञानाच्या साधनांत, म्हणजे प्रमाणांत, स्थान दिले आहे. न्यायसूत्रांत त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि वात्स्यायनाच्या भाष्यात त्यांची उदाहरणे आहेत. ढग दाटून आलेले पाहून पाऊस पडेल असे म्हणणे, म्हणजे कारणावरून कार्य ओळखणे, हे 'पूर्ववत्'. नदीला आलेला गढूळ लोंढा पाहून वर कोठेतरी पाऊस झाला असे म्हणणे, म्हणजे कार्यावरून कारण ओळखणे, हे 'शेषवत्'. आणि सर्वसामान्यपणे जे आढळते त्यावरून प्रत्यक्ष न दिसणाऱ्या गोष्टीविषयी निष्कर्ष काढणे हे 'सामान्यतोदृष्ट'. सूर्य सकाळी एका जागी व संध्याकाळी दुसऱ्या जागी दिसतो. जागा बदलणाऱ्या वस्तू चालत असतात हे इतरत्र पाहिलेले असते. म्हणून त्यालाही गती आहे असे मानले जाते.

हे तिन्ही प्रकार खेळाच्या भविष्याविषयी बोलतानाही उपयोगी पडतात. कारण अशा बोलण्यात नेहमी एक घोटाळा होतो : खेळणाराला जे हवे असते तेच घडणार आहे असे तो सांगू लागतो. इच्छा ही प्रमाण नव्हे. मालिकेची आजवरची चाल, शेवटच्या भागाला मिळालेला प्रतिसाद आणि संस्थेची आजची परिस्थिती या तीन गोष्टी मात्र प्रमाण म्हणून वापरता येतात. त्यांचा क्रमाने विचार करू.

३

प्रथम मालिकेची चाल. मुख्य भाग सात आहेत : १९९१, १९९६, २००१, २००५, २०१०, २०१६ आणि २०२५. दोन भागांमधील अंतर प्रारंभी चार-पाच वर्षांचे होते. सहावा भाग ऑक्टोबर २०१६ मध्ये आला आणि सातवा ११ फेब्रुवारी २०२५ रोजी. हे अंतर सव्वाआठ वर्षांहून अधिक झाले.

मुख्य रचनाकारही बदलत गेले. दुसऱ्या भागाची धुरा ब्रायन रेनॉल्ड्स यांनी वाहिली, चौथ्याची सोरेन जॉन्सन यांनी, पाचव्याची जॉन शेफर यांनी. सहावा आणि सातवा हे दोन्ही एड बीच यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. माणसे बदलली तरी एक नियम टिकला. तो सिड मायर यांच्या नावाने ओळखला जातो : नव्या भागात एक तृतीयांश जुने जसेच्या तसे ठेवावे, एक तृतीयांश सुधारून घ्यावे आणि एक तृतीयांश अगदी नवे आणावे.

हा नियम हिशेबी वाटतो. त्याचे इंगित मात्र प्रत्यक्ष उदाहरणांवरून समजते. पहिल्या चार भागांत नकाशा चौकोनी घरांचा होता आणि एका घरात कितीही पलटणी एकत्र ठेवता येत असत. त्यामुळे युद्ध म्हणजे एका घरात रचलेला पलटणींचा ढीग पुढे ढकलणे, असे त्याचे स्वरूप झाले. पाचव्या भागाने घरे षट्कोनी केली आणि एका घरात लढाऊ पलटण एकच असा नियम घातला. डोंगर, नद्या, खिंडी यांना एकदम महत्त्व आले. पण लांबचा प्रवास करणारे सैन्य चिंचोळ्या वाटेत अडकू लागले, आणि संगणकाच्या बाजूला असे सैन्य नीट हाताळता येत नाही ही तक्रारही सुरू झाली. सातव्या भागाने त्यावर तोड काढली. सेनापतीच्या हाताखाली अनेक पलटणी एकत्र बांधून न्याव्या आणि रणभूमीवर पोहोचल्यावर त्या पुन्हा मांडाव्या अशी सोय झाली. चौथ्या भागातील ढीग टाकून दिला होता, तो असा निराळ्या रूपाने परत आला.

धर्माच्या बाबतीतही असेच झाले. चौथ्या भागात हिंदू, बौद्ध, इस्लाम, ख्रिस्ती इत्यादी सात धर्म होते आणि कोणताही धर्म दुसऱ्यापेक्षा बलवान किंवा दुबळा नव्हता. पाचवा भाग प्रसिद्ध झाला तेव्हा ही व्यवस्था त्यात नव्हती. पुष्कळांना ते खटकले. २०१२ साली निघालेल्या विस्तार-भागात धर्म परत आले, आणि आता प्रत्येक धर्माची तत्त्वे खेळणारा स्वतः निवडू शकत होता.

सामान्य निरीक्षण एवढेच की, या मालिकेत टाकून दिलेली गोष्ट बहुधा कायमची जात नाही, आणि परत येते ती जशीच्या तशी येत नाही. नवी गोष्ट येते ती मागच्या भागाच्या एखाद्या ठसठसणाऱ्या दुखण्यावर उपाय म्हणून येते. म्हणून आठव्या भागाविषयी तर्क करावयाचा तर सातव्याचे दुखणे शोधले पाहिजे.

४

हे शेषवत् अनुमानाचे क्षेत्र आहे. सातवा भाग प्रसिद्ध होताच खेळाडूंचे अभिप्राय संमिश्र आले. पडद्यावरील मांडणी अपुरी आहे, हवी ती माहिती सापडत नाही, अशा तक्रारी होत्या. त्या काही महिन्यांच्या दुरुस्त्यांनी निवारता येण्याजोग्या होत्या. परंतु एक तक्रार रचनेच्या गाभ्याला भिडणारी होती.

सातव्या भागात डावाचे तीन युगे असे विभाग केले आहेत : प्राचीन युग, शोधयात्रांचे युग आणि आधुनिक युग. पहिल्या दोन युगांच्या अखेरीस संकट ओढवते, पट काही अंशी पुसला जातो, आणि खेळणाराने आपली संस्कृती सोडून दुसरी निवडावयाची असते. नेता मात्र तोच राहतो. नेता आणि संस्कृती यांची गाठही सोडविली आहे. त्यामुळे बेंजामिन फ्रँकलिन इजिप्तचे राज्य करू शकतो आणि अशोक रोमचे.

रचनाकारांनी हे लहरीखातर केले नव्हते. मालिकेचा एक जुना रोग होता. डावाच्या पूर्वार्धात जो पुढे जातो तो पुढेच जात राहतो. डोंगरावरून घरंगळणाऱ्या बर्फाच्या गोळ्यासारखे त्याचे बळ वाढते, आणि उत्तरार्धात करावयास शेकडो बारीकसारीक कामे असली तरी निकालाविषयी उत्सुकता राहत नाही. असंख्य डाव अर्ध्यावर सोडले जातात हे संस्थेला ठाऊक होते आणि तिने ते बोलूनही दाखविले. युगांची कल्पना हा त्यावरचा उपाय होता : प्रत्येक युगाच्या आरंभी सर्वांना पुन्हा जवळपास एका रेषेवर उभे करावयाचे. संस्कृती बदलण्याची कल्पना अगदी अपूर्वही नव्हती. पॅरिसच्या ॲम्प्लिट्यूड संस्थेने 'ह्यूमनकाइंड' या खेळात ती २०२१ सालीच वापरली होती, आणि तेथेही अनेकांना आपण कोण आहोत हे डावाच्या मध्यास सांगता येईनासे झाले होते.

रोग खरा होता, पण उपायाने एक निराळी जखम केली. या खेळात माणूस केवळ गुण मिळवीत नाही. नदीच्या काठी वसविलेल्या पहिल्या नगराशी त्याचे नाते जुळते. त्या नगराने पुराला तोंड दिले, वेढा सोसला, तेथे ग्रंथालय उभे राहिले, आणि आता त्याच नगराच्या नावापुढे दुसऱ्याच समाजाची मुद्रा लागते. आपले राष्ट्र काळाच्या कसोटीला उतरते की नाही हे पाहण्यासाठी जो खेळावयास बसला, त्याला मध्येच सांगण्यात आले की कसोटीचा निकाल आधीच ठरलेला आहे : जुने जाणार. पराभव पत्करण्यास खेळाडू तयार असतो. न हरता आपले नाव सोडण्यास तो तयार नसतो. २०२५ च्या अखेरीस संस्थेने जाहीर केले की एकच संस्कृती घेऊन तिन्ही युगे खेळता यावीत यासाठी ती प्रयोग करीत आहे. लोंढा गढूळ का आला, हे तिने ओळखले असा याचा अर्थ होतो.

५

भारतीय श्रोत्याला या वादाचा आशय अधिक स्पष्टपणे जाणवावा, कारण भारताचे या खेळातील स्थान त्याचा उत्तम दाखला आहे.

१९९१ च्या पहिल्या भागात भारत ही एकच, अखंड संस्कृती होती आणि तिचे नेते महात्मा गांधी होते. इसवी सनापूर्वी ४००० पासून अंतराळयुगापर्यंत तेच नेते, तेच राष्ट्र. पुढे चौथ्या भागात गांधींच्या जोडीला अशोक आला. सहाव्या भागाच्या २०१८ मधील विस्तारात चंद्रगुप्त आला. पण राष्ट्राचे नाव भारत हेच राहिले. हडप्पा, मगध, विजयनगर, मराठे, वंगदेश, द्रविड देश हे सगळे एका रंगात बुडालेले. येथे सातत्य भरपूर होते, बदल मात्र नव्हता.

सातव्या भागाने दुसरे टोक गाठले. गांधी प्रकाशनाच्या वेळी त्यात नव्हते. भारत तीन संस्कृतींत विभागलेला दिसला : प्राचीन युगात मौर्य, मधल्या युगात चोळ आणि आधुनिक युगात मुघल. भारताच्या वैविध्याची ही दखल स्वागतार्ह होती. पाश्चात्त्य खेळात चोळांना स्वतंत्र मान मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, इ. स. १०२५ च्या सुमारास राजेंद्र चोळाने श्रीविजयावर आरमार धाडले होते, आणि समुद्रावर नजर असलेल्या युगात त्याचे राज्य शोभून दिसते. तथापि या तिघांना एकापुढे एक ठेवून जी वंशावळ तयार झाली, ती इतिहासाला मानवणारी नाही. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात चोळांचा उल्लेख आहे, तो त्याच्या राज्याच्या सीमेपलीकडील शेजारी म्हणून. म्हणजे जे मौर्यांचे समकालीन होते ते खेळात त्यांचे वारस ठरले. आगगाड्या आणि कारखाने यांच्या युगात मुघलांना बसविणे हेही तितकेच अडचणीचे आहे. औरंगजेब १७०७ साली मरण पावला, त्यानंतर मुघल सत्ता उतरणीस लागली, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात दिल्लीचा बादशहा मराठ्यांच्या आश्रयाने सिंहासनावर होता.

म्हणून 'एकच संस्कृती शेवटपर्यंत राहू द्या' ही मागणी, आणि 'इतिहास थरांवर थर चढून बनतो' हे रचनाकारांचे म्हणणे, या दोहोंतही सत्याचा अंश आहे. काशी किंवा मदुराई हे नगर पाहावे. तेथील राजे बदलले, राजभाषा बदलल्या, नाणी बदलली; आणि तरी तेथील माणसाला आपले नगर दुसरे झाले असे वाटले नाही. सातव्या भागाच्या योजनेत बदल एका क्षणी, एका घोषणेने होतो. प्रत्यक्ष इतिहासात तो असा होतो की बदलले काय आणि राहिले काय हे पुढच्या पिढ्या ठरवितात. पटावर हे दाखविणे कठीण आहे. पण पुढच्या भागापुढचे खरे काम हेच आहे.

६

आता पूर्ववत् अनुमान, म्हणजे आज दिसणाऱ्या कारणांवरून उद्याच्या कार्याविषयी तर्क. येथे कल्पनेपेक्षा व्यवहार अधिक बोलतो.

फिरॅक्सिस ही २००५ पासून टेक-टू या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे. पुढचा भाग केव्हा काढावा, हा निर्णय केवळ रचनाकारांचा नसतो. पाचव्या भागाला २०१२ व २०१३ साली, आणि सहाव्याला २०१८ व २०१९ साली असे प्रत्येकी दोन मोठे विस्तार निघाले. सहाव्यासाठी त्यानंतरही भर पडत राहिली. खेळ जुना होत जातो तसा तो सुधारत जातो, त्याची किंमत उतरते आणि नवे खेळाडू येतात. पाचव्या भागाची आज जी कीर्ती आहे, ती त्याच्या विस्तारांनी मिळवून दिलेली आहे. याचा अर्थ, सातव्यावर खर्च झालेले भांडवल आणि श्रम संस्था एकाएकी सोडून देणार नाही. प्रथम तो दुरुस्त करण्याचा प्रयत्न होईल. सप्टेंबर २०२५ मध्ये संस्थेत कर्मचारी-कपात झाली. मनुष्यबळ कमी असता दोन मोठी कामे एकाच वेळी हाती घेणे अवघड असते. या कारणांवरून आठवा भाग या दशकाच्या समाप्तीपूर्वी येण्याची शक्यता थोडी वाटते.

संस्थेची दुसरी मालिका 'एक्सकॉम' ही आहे. परग्रहावरून आलेल्या आक्रमकांशी मूठभर सैनिकांनी दिलेली झुंज हा तिचा विषय. मूळ खेळ १९९४ साली ज्युलियन गोलॉप यांनी रचला. २०१२ साली फिरॅक्सिसच्या जेक सॉलोमन यांनी त्याला नवे रूप दिले, आणि २०१६ साली दुसरा भाग आला. उत्तरभाग कसा लिहावा याचा तो एक धडाच आहे. पहिला भाग जिंकला तेव्हा पृथ्वी मुक्त झाली होती. मग दुसऱ्यात लढावयाचे कशासाठी? रचनाकारांनी असे गृहीत धरले की पहिले युद्ध खेळाडू हरला. त्या पहिल्या भागात अनेकांनी डाव खरोखरच गमावला होता, त्यामुळे हे गृहीतक त्यांना अपमानास्पद न वाटता ओळखीचे वाटले. तिसऱ्या भागाविषयी तेव्हापासून चर्चा होत आली आहे. परंतु सॉलोमन यांनी फेब्रुवारी २०२३ मध्ये संस्था सोडली. रचनाकाराची जागा भरता येते. त्याची दृष्टी वारसाहक्काने मिळत नाही. म्हणून येथे अनुमान अधिक सावधपणे केले पाहिजे.

उलट बाजूने, ज्यांनी संस्था सोडली त्यांच्या कामावरूनही काही शिकता येते. चौथ्या भागाचे सोरेन जॉन्सन यांनी मोहॉक या आपल्या संस्थेतर्फे २०२१ साली 'ओल्ड वर्ल्ड' हा खेळ काढला. त्यात एक चाल म्हणजे एक वर्ष असते. राजा म्हातारा होतो, मरतो, आणि त्याचा मुलगा किंवा मुलगी गादीवर येते. राष्ट्र तेच राहते, बदल घराण्यातून होतो. सातत्य आणि परिवर्तन यांचा मेळ घालण्याची ही एक निराळी, आणि पुष्कळांना पटलेली, रीत आहे. शेजारच्या शेतात आलेले पीक पाहून शेतकरी बियाणे बदलतो. खेळ रचणारेही याला अपवाद नाहीत.

७

अनुमानाच्या शास्त्रात एका दोषाला फार महत्त्व दिले आहे. हेतूसारखा दिसणारा पण खरा हेतू नसलेला असा जो पुरावा, त्याला हेत्वाभास म्हणतात. डोंगरावरच्या धुक्याला धूर समजून तेथे अग्नी आहे असे म्हणणारा या दोषात सापडतो. खेळांच्या भविष्याविषयीच्या चर्चेत धुके फार. कोणाच्या नोकरीच्या जाहिरातीतील एक शब्द, कोणी टिपलेले अस्पष्ट चित्र, कोणा अनामिकाने सांगितलेली 'आतली बातमी' यांवर मोठमोठे इमले उभे राहतात.

या दोषाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण गांधींविषयीचेच आहे. पहिल्या भागात गांधींच्या आक्रमकतेचा आकडा सर्वांत कमी, म्हणजे १, ठेवला होता. भारताने लोकशाही स्वीकारली की त्यातून २ वजा होत. संगणकाला ऋण संख्या साठविता न आल्याने तो आकडा एकदम २५५ होई. आणि अहिंसेचा पुरस्कर्ता अण्वस्त्रे टाकू लागे. ही कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली. तिच्यात कारण होते, कार्य होते, आकडे होते. ऐकणाराला शंका घेण्यास जागाच नव्हती. सिड मायर यांनी २०२० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत स्पष्ट केले की असा दोष पहिल्या खेळात नव्हताच. पाचव्या भागात मात्र गांधींचा अण्वस्त्रांकडील कल मुद्दाम, विनोद म्हणून, सर्वांत अधिक ठेवण्यात आला. या विनोदाने जुन्या दंतकथेला पुरावा दिल्यासारखे झाले.

या कथेपासून घ्यावयाचा बोध असा की, सुसंगती म्हणजे सत्य नव्हे. एखादा तर्क गोळीबंद वाटतो तेव्हाच त्याचा पहिला दुवा कोणी पाहिला आहे का, असे विचारावे.

८

एवढ्या विवेचनानंतर आठव्या भागाविषयी काय म्हणता येते, ते मोजक्या शब्दांत मांडता येईल.

पहिले, तो लवकर येणार नाही. त्याआधी सातव्याचीच डागडुजी आणि वाढ होईल. दुसरे, प्रारंभापासून शेवटपर्यंत एकच समाज घेऊन खेळण्याची रीत त्यात मूळ रीत म्हणून परतेल. ती पर्यायी सोय म्हणून राहणार नाही. तिसरे, युगांची कल्पना नाहीशी होणार नाही. सैन्याचे ढीग आणि धर्म जसे रूप बदलून परतले, तशी तीही सौम्य होऊन राहील; कदाचित समाज तोच राहून त्याच्या संस्था, रीती आणि राजघराणी बदलत जातील. चौथे, डावाचा उत्तरार्ध रंगत नाही हा रोग अद्याप गेलेला नाही, तेव्हा नवा एक तृतीयांश भाग त्यावरच खर्ची पडेल. यांपैकी पहिली तीन अनुमाने सबळ आहेत, चौथे त्या मानाने दुबळे आहे. कारण रोग ठाऊक असला तरी औषध कोणते निघेल हे रोगावरून कळत नाही.

ही अनुमाने कशाने खोटी ठरतील, हेही सांगितले पाहिजे. नाहीतर ती अनुमाने न राहता भाकिते होतील. एकच संस्कृती घेऊन खेळण्याची सोय सातव्या भागात आल्यावरही जर खेळाडूंनी तिच्याकडे पाठ फिरविली आणि संस्कृती बदलत खेळणेच पसंत केले, तर दुसरे अनुमान कोसळेल. संस्थेची मालकी बदलली, किंवा स्पर्धक खेळाने सगळा खेळाडूवर्ग ओढून नेला, तर पहिले कोसळेल. अशा वेळी तर्क करणाराने जुना हट्ट न धरता नव्या पुराव्यापासून पुन्हा सुरुवात करावी.

राहता राहिला भारताचा प्रश्न. पुढच्या भागात भारत पुन्हा एका रंगाचा होईल, की अनेक रंगांचा राहील ? येथे अनुमानापेक्षा अपेक्षा बोलते, आणि ती अपेक्षा म्हणूनच नोंदवावी. १९९१ च्या पटावर भारत होता, पण त्यात चोळ नव्हते. २०२५ च्या पटावर चोळ आले, पण त्यांना मौर्यांच्या जागी उभे राहावे लागले. जो रचनाकार मौर्यांच्या सीमेपलीकडे, त्याच काळात, त्याच नकाशावर चोळांना त्यांचे स्वतःचे नगर वसवू देईल, आणि दोघांनाही पुढच्या सर्व युगांतून बदलत बदलत जाऊ देईल, त्याच्या पटावर या देशाचा इतिहास आजवरच्यापेक्षा अधिक खरा दिसेल. जगातील असंख्य मुलांची अशोकाशी आणि राजेंद्र चोळाशी पहिली ओळख शाळेच्या पुस्तकाआधी अशाच एखाद्या पटावर होत असते. ती ओळख कोणत्या नियमांनी करून दिली जाते याकडे इतिहासाच्या अभ्यासकांनी, शिक्षकांनी आणि ग्रंथपालांनीही लक्ष दिले पाहिजे. पुढचा डाव मांडला जाण्यापूर्वीच त्याविषयी बोलण्याचे प्रयोजन हेच आहे.